दम्याचा नकाशा रंगवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरातल्या रुग्णालयांकडून तीन वर्षांत दम्याच्या झटक्याने दाखल झालेल्या रुग्णांची यादी पत्ते आणि तारखांसकट मिळाली आहे. वॉर्डांच्या सीमांची शेपफाइल (नकाशातले आकार साठवणारी फाइल) आहे, हवा मोजणाऱ्या पाच केंद्रांचे रोजचे आकडे आहेत. हे सगळे जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे आणि माहिती जोडणाऱ्या संगणकप्रणालीत, एकावर एक ठेवून हॉटस्पॉट, म्हणजे रुग्ण दाटलेल्या जागा, काढले, तर प्रदूषणामुळे दमा वाढतो हे सिद्ध करता येईल का? आणि सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

दुसरा प्रश्न एका ओळीत संपतो. क्यूजीआयएस हे जीआयएसचे सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमच्या कामाला पुरून उरेल. आकडेमोड जड झाली की जोडीला आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा घ्या. सॉफ्टवेअर चुकीचे निवडल्यामुळे बुडालेला अभ्यास मी अजून पाहिलेला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे. तरीही तुमच्या हातात असलेल्या सामग्रीतून कामाचे बरेच निघू शकते, फक्त ते तुम्ही शोधताय तिथे नाही. म्हणून थोडे लांबण लावतो.

या विषयावरचे जवळपास प्रत्येक व्याख्यान जॉन स्नोपासून सुरू होते. १८५४ साल, लंडनमधला सोहो भाग, कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पंप. गोष्ट अशी सांगतात की स्नोने नकाशावर मृत्यू मांडले, पंपाभोवती गर्दी दिसली आणि त्याने पंपाचा दांडा काढायला लावला. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, नकाशा त्यानंतर तयार झाला. कॉलरा पाण्यातून पसरतो हे मत तर त्याने १८४९ मध्येच मांडले होते. दांडा निघेपर्यंत साथ उतरणीलाही लागली होती.

मला त्याच्या कामात नकाशापेक्षा मोलाचा वाटतो तो त्याने केलेला अपवादांचा पाठलाग. पंपाच्या जवळच निराधारांना ठेवून काम देणारी एक संस्था होती. तिथल्या ५३५ माणसांपैकी कॉलऱ्याने पाचच गेली, कारण संस्थेची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले. त्यांना बिअर मिळायची, पंपाकडे ते फिरकतच नसत. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. चौकशीत कळले की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची आणि तिच्यासाठी ते मुद्दाम तिथून नेले जायचे. नकाशावर तिचा ठिपका हॅम्पस्टेडला पडणार, आणि आजार आला होता सोहोतून. तुमच्या यादीतल्या प्रत्येक पत्त्याकडे बघताना ही बाई आठवा. रुग्ण झोपतो कुठे ते आपल्याला माहीत असते. तो आजाराच्या कारणाला भिडला कुठे, हे बहुतेक वेळा माहीत नसते.

स्नोच्या काळातला दुसरा माणूस विल्यम फार. त्याच्यावर व्याख्याने होत नाहीत, पण तुमच्या दृष्टीने तोच जास्त शिकवून जातो. फार इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्यातला संख्याशास्त्रज्ञ, आकड्यांत पक्का. १८४९ च्या साथीत त्याने लंडनच्या भागांची थेम्सपासूनची उंची आणि तिथले कॉलऱ्याचे मृत्यू ताडून पाहिले. जितकी उंची कमी तितके मृत्यू जास्त, आणि हे नाते इतके नेटके की सूत्रात बसावे. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला तो सखल भागातल्या कुबट हवेचा. खरे कारण असे की सखल भागांतल्या बऱ्याच लोकांना गटारांनी नासलेल्या थेम्सचे पाणी मिळत होते. उंची आणि पाणी दोन्ही हातात हात घालून बदलत होते. पुढे १८६६ च्या साथीत फारने स्वतःच पाण्याकडे बोट दाखवले, हे त्याचे मोठेपण.

आता तुमचे शहर घ्या. जिथे धूर जास्त तिथे वर्दळ जास्त, दाटी जास्त, घरांत ओल जास्त, घरात बिडी-सिगारेट ओढणारे बहुधा जास्त, उत्पन्न कमी. दम्याचा थर प्रदूषणाच्या थरावर बेमालूम बसला, तर तो ओलीच्या थरावरही तितकाच बेमालूम बसेल. एकावर एक ठेवलेले थर जुळतात म्हणजे एकातून दुसरा उपजला असे होत नाही.

आता दराच्या छेदाकडे या, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचे तिच्याकडे. नवखे लोक सगळा जीव अंशात ओततात: किती रुग्ण, कुठे, कधी. पण रुग्णांचे ठिपके नुसते मांडले तर नकाशा लोकवस्तीचा होतो. जिथे माणसे जास्त तिथे ठिपके जास्त, एवढेच कळते. दर काढायचा तर त्या वॉर्डात त्या तीन वर्षांत किती माणसे राहत होती हे हवे, आणि तेही वयोगटांनुसार. दमा लहान मुलांत जास्त. शाळकरी पोरांनी भरलेला वॉर्ड आणि निवृत्तांचा वॉर्ड यांचे सरळ दर शेजारी ठेवणे हा अन्याय आहे. साधी वाट अशी: सगळ्या शहराचे वयानुसार दर घ्या, ते प्रत्येक वॉर्डाच्या लोकसंख्येला लावा आणि तिथे किती रुग्ण अपेक्षित होते ते काढा. मग प्रत्यक्षातल्या आकड्याला अपेक्षित आकड्याने भागा. नकाशात रंगवायचे ते हे गुणोत्तर.

एवढे करूनही लहान वॉर्ड तुम्हाला फसवतील. समजा वर्षाला १०,००० माणसांमागे पाच रुग्ण हा शहराचा दर आहे. १,००० वस्तीच्या वॉर्डात अपेक्षित रुग्ण अर्धा. अर्धा रुग्ण काही दाखल होत नाही. एक तर कोणी येत नाही, मग दर शून्य, नाहीतर एक जण येतो आणि दर थेट दुप्पट. दोन आले तर चौपट. म्हणजे असा वॉर्ड नकाशावर एक तर फिकट पांढरा दिसणार किंवा गडद लाल, आणि कोणता रंग ते नशिबावर. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दर काढले तेव्हा सर्वांत जास्त दर असलेल्या काउंटी बहुतेक ग्रामीण आणि विरळ वस्तीच्या निघाल्या. सर्वांत कमी दराच्या काउंटीही तशाच निघाल्या. शेतातली फवारणी आणि गावची शुद्ध हवा अशी दोन्ही स्पष्टीकरणे हाताशी तयार असतात, आणि इथे दोन्ही फुकट जातात. कारण एकच, छेद लहान.

यावर उपाय आहे दर मवाळ करण्याचा. छोट्या वॉर्डाचा दर शहराच्या किंवा शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढायचा, आणि वस्ती जितकी कमी तितका जास्त ओढायचा. त्याला एम्पिरिकल बेझ म्हणतात. बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांनी १९९१ मध्ये मांडलेले मॉडेल त्याच घराण्यातले, पण जास्त सशक्त. आरमध्ये ते चालवता येते. एक सावधगिरी: मवाळ केलेला नकाशा डोळ्यांना इतका गोड दिसतो की त्यामागची अनिश्चितता कोणी विचारत नाही. शेजारी दुसरा नकाशा द्या, कोणत्या वॉर्डाच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तो दाखवणारा.

तुमच्या यादीत आणखी एक छुपा छेद आहे. ती रुग्णालयात पोचलेल्यांची यादी आहे. मोठे रुग्णालय जवळ असलेल्या वॉर्डातून लोक लवकर दाखल होतात. लांबचे लोक घरीच औषध घेऊन निभावतात किंवा तुमच्या यादीत नसलेल्या ठिकाणी जातात. तेव्हा प्रदूषणाचा म्हणून काढलेला नकाशा रुग्णालयांच्या अंतराचा निघू शकतो. प्रत्येक वॉर्डापासून जवळच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासाचा वेळ हा एक स्वतंत्र थर करा आणि आधी तोच रुग्णदराशी ताडून पाहा.

पत्त्यांबद्दल माझीच एक फजिती सांगतो. एका जुन्या अभ्यासात शहराच्या मध्यावर लालभडक डाग उमटला. आम्ही हरखलो. दोन आठवडे तिथल्या वाहतुकीची माहिती गोळा करत बसलो. मग गटातल्या सर्वांत तरुण मुलीने कंटाळून ठिपक्यांवर एकेक क्लिक करून पाहिले, तर शंभराहून जास्त रुग्ण एकाच अक्षांश-रेखांशावर, सहाव्या दशांशापर्यंत तेच. पत्ता अपुरा असला की जिओकोडिंगची, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढून देणारी, सेवा गुपचूप शहराचा मध्यबिंदू देऊन मोकळी होत होती. तेव्हापासून माझा नियम आहे: जिओकोडिंग झाल्या झाल्या एकाच बिंदूवर किती नोंदी साचल्या ते मोजायचे, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती घरापर्यंत जुळली, रस्त्यापर्यंत जुळली की नुसत्या पिनकोडपर्यंत, हे लिहायचे. न जुळलेल्या नोंदी फेकू नका. कच्चे पत्ते सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. अनियोजित वस्त्यांत, शहराच्या कडेला ते जास्त असतात, आणि ते गाळले की नेमकी गरिबी गाळली जाते.

आता सीमा. वॉर्डांच्या सीमा प्रशासनाने आपल्या सोयीसाठी आखलेल्या असतात. धुराला त्या माहीत नसतात. त्याच ठिपक्यांची बेरीज वॉर्डांऐवजी पिनकोडनुसार केली, की हॉटस्पॉट सरकतो, कधी नाहीसा होतो. हे केवळ पुस्तकी दुखणे नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराचे पाणी एप्रिल २०१४ मध्ये बदलले आणि नळांतून शिसे येऊ लागले. मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पिनकोडनुसार पाहिले तेव्हा वाढ ठळक दिसत नव्हती. कारण फ्लिंटचे पिनकोड शहराच्या हद्दीबाहेर पसरलेले होते आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश पत्त्यांना फ्लिंटचे पाणी मिळतच नव्हते. न बाधलेली मुले बेरजेत मिसळून बाधलेल्यांचा आकडा पातळ होत होता. डॉ. मोना हॅना-अटिशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर बसवला आणि खरोखर शहराचे पाणी पिणारी मुले वेगळी काढली. रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलेले दिसले. मूळ माहिती तीच, सीमा तेवढी बदलली. तुमच्याकडे पत्ते आहेत, तर वॉर्डात बेरीज करायची घाई का? आणि करायचीच तर दोन-तीन वेगळ्या सीमांनी करा. निष्कर्ष तिन्हींत टिकला तरच लिहा.

सगळ्यात अवघड भाग एक्स्पोजरचा, म्हणजे कोणाच्या वाट्याला किती प्रदूषण आले याचा, आणि तुमची बाजू तिथे सर्वांत लंगडी आहे. पाच केंद्रांवरून सगळ्या शहराचा प्रदूषणाचा पृष्ठभाग काढता येत नाही. क्यूजीआयएस काढून देईल, तक्रारही करणार नाही. प्रत्येक केंद्राभोवती गोल गोल वलये असलेला सुरेख रास्टर (बारीक चौकटींचा रंगीत नकाशा) मिळेल. ती वलये आकडेमोडीची असतात, त्यांचा हवेशी संबंध नसतो. क्रिगिंग हे (मोजलेल्या बिंदूंमधल्या जागांचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतीचे) नाव भारदस्त आहे, पण त्यालाही अंतरानुसार फरक कसा वाढतो हे शिकायला पुरेसे बिंदू लागतात. पाच बिंदूंत ते काय शिकणार?

भरपूर बिंदू असले तरी दोन बिंदूंमधली जागा भरणे प्रत्येक गोष्टीला मानवत नाही. बांगलादेशातल्या कूपनलिकांमधले आर्सेनिक पाहा. संपूर्ण देशाचा नकाशा काढला तर दक्षिण आणि आग्नेयेकडे प्रमाण जास्त हे नीट दिसते, आणि धोरण ठरवायला तो नकाशा उपयोगी पडतो. पण एकाच गावात एक नलिका विषारी आणि हाकेच्या अंतरावरची सुरक्षित, असे सर्रास आढळते, कारण पाणी किती खोलीवरून येते आणि तिथला गाळ कोणता यावर सगळे अवलंबून. म्हणून तिथे नकाशाच्या भरवशावर न राहता एकेक नलिका तपासली आणि लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर लाल, खाली असेल तर हिरवा रंग तिच्या तोंडालाच फासला. कोणता प्रश्न नकाशाने सुटतो आणि कोणता दारोदार गेल्याशिवाय सुटत नाही, हे ओळखणे हाच या धंद्यातला अर्धा अनुभव.

वाहनांच्या धुराचे तसेच आहे. मोठ्या रस्त्यापासून काही शे मीटरांत त्याचे प्रमाण आसपासच्या पातळीला येते. म्हणजे एका वॉर्डाच्या आतच जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा फरक पकडायचा तर लँड-यूज रिग्रेशन करतात: शहरात साधारण २० ते १०० ठिकाणी स्वस्त नळ्या टांगून नायट्रोजन डायऑक्साइड दोन-दोन आठवडे मोजायचा, प्रत्येक ठिकाणच्या आसपासचे रस्ते, वाहतूक, इमारती, हिरवळ जीआयएसमधून काढायची आणि त्यांवरून बाकीच्या पत्त्यांचा अंदाज बांधायचा. उपग्रहाचे आकडेही मिळतात, एक किलोमीटरच्या चौकटीत. पण उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतचा हवेचा सगळा खांब बघतो, ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि ढग आले की आंधळा होतो. नाकापाशी काय आहे ते त्यातून काढायला जमिनीवरची मोजमापे लागतातच.

बफरबद्दल, म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतरापर्यंत आखलेल्या पट्ट्याबद्दल, थोडक्यात. धुराड्याभोवती गोल बफर काढणारे वाऱ्याला विसरलेले असतात. वाऱ्याच्या दिशेची नोंद मिळते, ती वापरा. आणि बफर काढण्याआधी थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणा. ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीत एकक अंश असते. तिथे '५००' लिहिले तर ते ५०० अंश होतात. शिवाय रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा, म्हणून अंशातले वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहतच नाही.

हॉटस्पॉटच्या चाचण्या वाईट नाहीत, फक्त त्या काय सांगतात ते ओळखून वापरा. गेटिस-ऑर्ड ही चाचणी सांगते की इथे चढे आकडे चढ्यांच्याच शेजारी आहेत. कुलडॉर्फची स्कॅन पद्धत लहान-मोठी वर्तुळे शहरभर फिरवून कोणत्या वर्तुळात रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त ते पाहते आणि एवढी वर्तुळे तपासल्याची किंमतही हिशोबात धरते. ती चालवणारे सॅटस्कॅन हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. हा हिशोब न करता १०० वॉर्ड पाच टक्क्यांच्या कसोटीवर एकेक करून तपासले, तर काहीही घडलेले नसताना पाचेक वॉर्ड 'लक्षणीय' निघतील. त्याहून वाईट म्हणजे आधी पुंजका बघायचा आणि मग त्याच्याभोवती सीमा आखायची. भिंतीवर गोळ्या झाडून नंतर त्यांच्याभोवती नेमाचे वर्तुळ काढण्यातला हा प्रकार.

मग तुम्ही करावे काय? माझे प्रामाणिक मत: 'कुठे' हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा आणि 'कधी' विचारा. तुमच्याकडे दाखल झाल्याच्या तारखा आहेत आणि केंद्रांचे रोजचे आकडे आहेत. पाच केंद्रे जागेच्या हिशोबाने दरिद्री असली तरी तीन वर्षांचे दिवस हजारावर आहेत. केस-क्रॉसओव्हर पद्धत घ्या. ज्या दिवशी रुग्णाला झटका आला त्या दिवसाची हवा, त्याच महिन्यातल्या त्याच वाराच्या इतर दिवसांशी ताडायची. इथे प्रत्येक माणूस स्वतःशीच तुलना करतो. त्याच्या घरातली ओल, उत्पन्न, बिडी, रुग्णालयाचे अंतर हे सगळे दोन्ही बाजूंना सारखेच असते आणि हिशोबातून गळून पडते. विल्यम फारला ज्याने फसवले तो सापळा इथे बव्हंशी निकामी होतो. तापमान, साथीच्या सर्दीचे दिवस हे मात्र धरावे लागतील. जीआयएसचे काम यात लहान पण नेमके: प्रत्येक पत्ता जवळच्या केंद्राशी जोडणे, फार लांबचे वेगळे काढणे आणि वेगवेगळ्या अंतरमर्यादा लावून उत्तर हलते का ते पाहणे. हवा बिघडली की झटके वाढतात का, एवढेच यातून कळेल. दमा मुळात कोणाला जडतो हा प्रश्न वेगळा, त्याला वर्षानुवर्षांचे वास्तव्य माहीत असावे लागते.

नकाशाचे काम त्यानंतरचे, नवा प्रश्न सुचवण्याचे. त्याचे मला आवडणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने काउंटीवार कर्करोग-मृत्यूंचे नकाशे प्रसिद्ध केले, त्यात जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पुरुषांमधला फुप्फुसाचा कर्करोग उठून दिसला. त्यावरून कोणी निष्कर्ष जाहीर केला नाही. संशोधक तिथे गेले, रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या नोकऱ्यांचा इतिहास विचारला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी गोदीत जहाजबांधणीचे काम केलेल्यांत धोका जास्त असल्याचे १९७८ मध्ये मांडले. संशय गेला ॲस्बेस्टॉसवर. मधे तीसेक वर्षे गेलेली. आजच्या हवेचा नकाशा त्या आजाराशेजारी ठेवला असता तर काहीच हाती लागले नसते.

शेवटी एक काम आजच करा, अभ्यासाची दिशा ठरण्याआधी. मूळ पत्ते असलेली फाइल वेगळी, कुलपात ठेवा आणि रोजच्या कामासाठी ओळख काढलेली प्रत वापरा. ठिपक्यांचा नकाशा अहवालात किंवा सादरीकरणात टाकू नका, कितीही बारीक छापला तरी. प्रसिद्ध झालेल्या नकाशाच्या चित्रावरून रुग्णांची घरे परत शोधता येतात हे संशोधकांनी २००६ मध्येच करून दाखवले आहे. ठिपके थोडे हलवून दाखवायचेच असतील तर विरळ वस्तीत जास्त हलवा, दाट वस्तीत कमी. सगळीकडे १०० मीटर हलवले तर मोकळ्या माळावरचे एकटे घर तरीही ओळखू येते.

जिओकोडिंग उरकले की किती पत्ते घरापर्यंत जुळले, किती रस्त्यापर्यंत, किती नुसत्या पिनकोडवर थांबले आणि एकाच बिंदूवर सर्वांत मोठा ढीग किती नोंदींचा, हे चार आकडे कळवा. पुढचे बोलणे त्यानंतर.